हनुवटीखालचा भोवरा

प्रिय मकरंद,

इथल्या रिमू झाडाच्या लाकडाची रेझरची मूठ, तिच्या आतले पितळी आटे, खोबरेलाचा साबण, तो ठेवायची वाटी आणि ज्यातून हे सगळं पोचलं ती पेटी, सारं माझ्या हातचं. कुणी शिकवलेलं नाही. रेझरचं डोकं आणि ब्लेडं तेवढी विकतची. मूठ ब्याऐंशी ग्रॅमची आहे, मुद्दाम. वजनच काम करतं, तू दाबायचं नाहीस.

अर्धांगाचा झटका आल्यापासूनची सहा आठवड्यांची दाढी घेऊन बसलेल्या अण्णांचा फोटो तू पाठवलास. इरा म्हणाली, आजोबा हीप्स कूल, म्हणजे एकदम भारी, दिसतात! मी म्हटलं, आता त्यांची दाढी करायला हवी. तर म्हणते, "बट बाबा, ती तर ऑलरेडी झालीये!" इथं जन्मलेली पोर, दाढी करायची म्हणजे वाढवायची, असंच तिला वाटत आलंय. खूप हसलो. मग आठवलं, दाढी झाल्याशिवाय अण्णांनी कधी चहाला तोंड लावलं नाही.

तू फोनवर म्हणालास, दादा, ट्रिमर फिरवतो, बघतंय कोण? अण्णा बघतात रे.

गरम टॉवेल तीन मिनिटं, घड्याळ लावून. मग ब्रशने फेस, घट्ट दह्यासारखा. रेझर कलता धर, केस जिकडे वळतात तिकडेच ने. फक्त हनुवटीखाली डावीकडे भोवरा आहे, तिथे केस वर जातात. तिथे खालून वर, अगदी छोटे हात. लहानपणी त्यांचा आरसा मीच धरायचो, म्हणून ठाऊक. माझाही भोवरा तिथेच आहे. सकाळी इथे अप्पर हटच्या डोंगरांवर धुकं आणि माझ्या आरशावर वाफ असते. फेस लावला की समोर मी उरतच नाही, अण्णा असतात, मान किंचित वर केलेले. भोवऱ्यापाशी हात आपोआप थांबतो. आता ते "हळू" म्हणतील, असं वाटतं. पाणी निवेपर्यंत तसाच उभा राहतो.

चिडू नकोस. तिथे तू एकटा राबतोस आणि मी इथून सूचना धाडतो, हे कळतं मला. म्हणून तू फक्त पुढच्या चौदा तारखेपर्यंत कर. मग मी तिथे आहे, तीन महिने. वेलिंग्टनच्या एका दुकानाने असेच तीनशे रेझर ख्रिसमसच्या आत मागितले होते; ते तीन महिने लाकूड कातायच्या लेथपाशीच गेले असते. नाही म्हणालो. अठरा हजार सहाशे डॉलरचं काम होतं.

तुझाच,
प्रमोददादा