खाली बसण्याची वेळ

दि. १४ जुलै

तीर्थरूप बाबा,

घरी सगळ्यांना नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, हे आईला आधी सांगा. लिलावात ओरडून तुमचा घसा पुन्हा बसला असेल, तर दोन दिवस काकांना ओरडू द्या. बाजार तुम्हाला कर्णा म्हणतो म्हणून रोज वाजायलाच हवं असं नाही.

बातमी अशी, की आम्ही जिंकलो! शिवणकामवाल्या मावशींचं दुकान वाचलं. माझी पत्रं तुम्ही सलूनमध्ये सगळ्यांना वाचून दाखवता, तिथे एवढंच वाचलंत तरी चालेल.

ऑफिसात नवा पंखा लावलाय. कागद उडतात म्हणून तो बंदच असतो.

तुम्ही विचारलं होतंत, ‘कोर्टात माझ्या पोरीचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला का?’ पोचला, बाबा. तीच तर भानगड झाली.

मावशी खालच्या कोर्टात जिंकल्या होत्या. घरमालकाने वर अपील केलं, की बाईंनी दुकान कधीच सोडलंय, जागा मला परत द्या. आमच्या वकीलबाई, ज्यांच्या हाताखाली मी शिकते, त्या दुसऱ्या दालनात अडकल्या. मला म्हणाल्या, “तू उभी राहा. विचारतील तेवढंच बोल.” मी तर आठवडाभर गच्चीवर भाषण पाठ केलं होतं. त्यात वाक्यागणिक ‘न्याय’ होता.

घरमालकाचे वकील तासभर बोलले. मग न्यायाधीशांनी पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाले, “तुमचं ऐकायची गरज वाटत नाही.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझं ऐकायचंच नाही?

“ऐकावंच लागेल, महोदय!” मी तुमच्याच पट्टीत सुरू झाले. “मावशींनी दुकान कधीच सोडलं नाही! गुडघा दुखावला तेव्हासुद्धा मशीन घरी नेऊन त्यांनी काम चालू ठेवलं!”

“मशीन घरी नेलं?” न्यायाधीशांनी टोपण काढलं.

मागून कुणीतरी माझा कोट खसकन ओढला. मावशीच. “अगं बये, बस ना खाली! माझं दुकान घालवतेस का?”

मशीन घरी, म्हणजे तेवढे दिवस दुकान बंद; घरमालकाला जे सिद्ध करता आलं नव्हतं, ते मी खणखणीत आवाजात सांगून टाकलं होतं.

तेवढ्यात समोरचे वकील ताडकन उठले. मी तोंड उघडलं की हरकत घ्यायची, एवढंच त्यांनी ठरवून ठेवलं असावं. “हरकत आहे! हे खालच्या कोर्टात कुठेच आलेलं नाही. अपिलात नवी गोष्ट सांगता येत नाही!”

न्यायाधीश त्यांच्याकडे बघतच राहिले. “बरोबर आहे तुमचं. मशीनचं आम्ही ऐकलंच नाही.” टोपण परत लागलं. अपील फेटाळलं. वकिलांचा चेहरा नको ती बोली लावून बसलेल्या गिऱ्हाइकासारखा झाला.

बाहेर वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, समोरच्याच्या अपिलात दम नसला, की न्यायाधीश आपल्याला बोलायलाच लावत नाहीत. तोच आपला विजय!”

“पण मी खरं तेच बोलले, बाई. लपवायचं होतं का?”

“लपवायचं नाही. विचारलं तर सांगायचं. दवंडी पिटायची नाही.”

ओढाताणीत कोटाची शिवण उसवली होती. मावशींनी मला दुकानात नेलं आणि त्याच मशीनवर ती घालून दिली. “मजुरी नको,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी माझ्याआधी तूच खाली बस.”

बाबा, शेवटची बोली लागली, हातोडा पडला, की तुम्ही गप्प होता. त्यानंतर तुम्ही अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. मी लहानपणापासून शेजारी उभी राहून बघत होते, आणि उचललं काय, तर नुसतं ओरडणं.

सलूनमध्ये पत्र कुठपर्यंत वाचायचं, ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते सगळंच वाचा. फक्त जरा हळू आवाजात.

वेळेवर खाली बसायला शिकत असलेला,
तुमचा छोटा कर्णा