माफी मागण्याचे काम ‘पूर्ण’ दाखविल्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
पीक पाहणी नोंद कक्ष, अमरावती.

अर्जदार : अब्दुल सत्तार, वरिष्ठ लिपिक, उपकक्ष अंजनगाव सुर्जी.

विषय : अर्जदाराचे वैयक्तिक काम अन्य कर्मचाऱ्याकडून करवून घेतले गेल्याबाबत.
संदर्भ : १) आपले तोंडी आदेश, ‘प्रणालीत नाही ते काम नाही.’
२) अर्जदाराच्या पत्नीचा फोन.

महोदय,

१. ज्या कामाची नोंद झाली त्याला मरण नाही, असे अर्जदार आजवर मानत आला. मागील आढावा बैठकीत त्याचे स्वतःचे एक काम भिंतीवर लाल अक्षरांत झळकले, तेव्हा मात्र ते मेले असते तर बरे झाले असते असे त्यास वाटले.

२. हकीकत अशी की, बोंडअळीच्या पंचनाम्यांच्या धामधुमीत पत्नी गुलनार टेबलापाशी येऊन म्हणाली, ‘अब्बूले अकोल्यात दवाखान्यात भरती केलं, चला ना.’ अर्जदाराने कागदातून मान वर न काढता उत्तर दिले, ‘अर्ज द्या, पाहतो.’ तिने अर्ज दिला नाही. एकटीच अकोल्याच्या बसमध्ये बसली. अब्बू, म्हणजे अर्जदाराचे सासरे, बरे होऊन अकोल्यातल्या आपल्या घरी आले. गुलनार अंजनगावला आली नाही.

३. प्रणालीच्या प्रशिक्षणात सांगितले होते की, कोणत्याही योजनेत न बसणारे काम ‘स्वतंत्र वैयक्तिक’ म्हणून टाकावे, ते ज्याचे त्यालाच दिसते. अर्जदाराने ‘गुलनार यांची माफी मागणे’ असे काम टाकले, मुदत घातली, मुदत आली की ती पुढे ढकलत राहिला, आणि एकदा ते ढकलणेही राहून गेले. सरकारी कामाची सवय घरच्या कामालाही लागली. मुदत संपलेले वैयक्तिक काम साहेबांच्या पडद्यावर येते, हे प्रशिक्षणात सांगायचे राहिले होते.

४. बैठकीत आपण विचारले, ‘सत्तार, या बाईंचा अपमान केला का पाहणीत? शेतकऱ्यांचे दिवस कसे आहेत, काही कळते का?’ त्या क्षणी ‘साहेब, ती माझी घरवाली’ एवढे चार शब्द बोलायचे राहून गेले. आपण नियमाप्रमाणे ते काम सर्वांत कमी प्रलंबित कामे असलेले कृषी सहायक श्री. नितेश यांच्याकडे वर्ग केले. बैठकीनंतर त्यांनी पत्ता मागितला. अर्जदाराने तो दिला. वरून गल्लीतली खूणही सांगितली. झालेच तर निम्मे काम तरी होईल, असा विचार मनात आला होता, हेही येथे नोंदवणे भाग आहे.

५. श्री. नितेश अकोल्यास गेले, माफी मागितली, आणि शिरस्त्याप्रमाणे लाभार्थीस दारात उभे करून ठिकाण-वेळेसह छायाचित्र चढवले. काम हिरवे झाले. परत येऊन ते म्हणाले, ‘सत्तारभाई, भाभी लय भडकल्या, पन फोटो साजरा आला.’ छायाचित्रात अब्बू शेजारी काठी धरून उभे आहेत. ती टेकण्यासाठी धरलेली दिसत नाही.

६. त्याच सायंकाळी फोन आला. ‘माफी मांगाले बी मानूस धाडला? उद्या नमाजाले बी दुसराच धाडसान काय?’ मागून अब्बूंचा आवाज आला, ‘ठेव तो फोन, त्याले साहेबाले विचारू दे पहिले.’ फोन ठेवला गेला.

७. यावर अर्जदाराने माफीचा मसुदा स्वतः करून पाहिला. पहिल्याच ओळीत ‘उपरोक्त विषयान्वये’ आले. फाडून दुसरा केला, त्यात ‘दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’ असे उतरले. कोणाकडून, ते नव्हते. आयुष्य कर्मणी प्रयोगात गेलेल्या माणसाला ‘मी चुकलो’ हे कागदावर उतरेना. ते तोंडानेच, समोर उभे राहून सांगावे लागेल, असे दिसते.

८. झाल्या प्रकाराची चौकशी व्हावी, अशी अर्जदाराची मागणी नाही. श्री. नितेश यांना दोष नाही. त्यांनी काम चोख केले, हीच अडचण आहे. ‘पूर्ण’चा शिक्का काढावा, असेही म्हणणे नाही.

९. फक्त येत्या शुक्रवारी दुपारनंतरची अर्धी रजा मिळावी आणि सोबत कोणी देऊ नये, ही विनंती.

मान खाली घालून, आपला,
(सही)
अब्दुल सत्तार
अंजनगाव सुर्जी, १६ जानेवारी २०१८