नारिंगी टोपण

प्रिय ठोंब्या,

कारखान्यात तुला सगळे सर म्हणतात, ठाऊक आहे मला. पण हे पाकीट तू केबिनमध्ये एकटाच फोडशील, तेव्हा घरचं नाव चालून जावं. तुझी तब्येत विचारत नाही. काकांच्या खाटेपाशी उभा राहून तू फोनवर माल कधी निघणार ते विचारत होतास, त्यावरून ती उत्तमच असणार.

काकांची जखम भरतेय. गोळी तळहातातून आरपार गेली, पण अंगठा आणि शेजारचं बोट काही जवळ येत नाहीत. याच बोटांनी त्यांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि बाबा गेल्यावर आपल्या दोघांना वाढवलं. आता त्यांत चमचा ठरत नाही. मी भरवते, तर लाजतात. तू भरवायला ये असं म्हणणार नाही, तुझ्या शर्टावर डाग पडेल.

तू ते खेळण्यातलं पिस्तूल घेऊन माझ्या शिवणाच्या दुकानात आलास, ती दुपार आठवते ना? काय तो तोरा! वजन खऱ्यासारखं, रंग खऱ्यासारखा, आवाजही खऱ्यासारखा. घोडा तेवढा अडकत होता, आणि तुझ्या पगारी माणसांना तो सुटत नव्हता, म्हणून तुला काका आठवले. ते नेहमीप्रमाणे माझ्या मशीनशेजारी पेपर वाचत बसले होते. त्यांनी विचारलं, नळीच्या टोकाला हे भडक नारिंगी कशाला? तेव्हा तूच नियम समजावून सांगितलास. लांबूनही खेळणं ओळखू यावं म्हणून टोपण हवं, आणि ते ओढून निघता कामा नये. मग आपली हुशारी सांगितलीस. तपासणीला जाणाऱ्या मालात टोपण गोंदाने चिकटवायचं, बाकीच्या मालात नुसतं दाबून बसवायचं. दुकानदार अंगठ्याने उडवतो, गिऱ्हाईक खूश, शिवाय गोंद वाचतो. एवढं डोकं शाळेत चालवलं असतंस, तर तुला वर ढकला म्हणून काकांना दरवर्षी मास्तरांच्या विनवण्या कराव्या लागल्या नसत्या.

बोलता बोलता तू अंगठ्याने टोपण उडवून दाखवलंस. माझ्या दुकानात कपडे टांगायची बारीक लोखंडी दांडी आहे, तिचं कापलेलं टोक बाहेर आलं होतं. त्यावर ते टोपण घालून म्हणालास, घे ताई, तुझ्या दांडीला टोपी. स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसलास. आणि काळ्या नळीचं ते पिस्तूल काकांच्या पिशवीत टाकून निघून गेलास.

पुढचं तुला सोयीपुरतंच आठवतं, म्हणून लिहिते. काकांनी रात्रीतून घोडा सोडवला. सकाळी ते पिस्तूल तुला परत द्यायला निघाले आणि वाटेत पैसे काढायला बँकेत शिरले. खिडकीशी चष्मा शोधायला पिशवीत हात घातला, हाताला आधी पिस्तूल लागलं, ते बाहेर काढलं. आतली मुलगी किंचाळली. दारावरचा रखवालदार नवा होता. त्याला पाठमोरा माणूस दिसला आणि मुलीकडे रोखलेली काळी नळी दिसली. त्याने गोळी झाडली. नोकरीवरून काढून घरी बसवलंय त्याला. रोज संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसतो, आत यायचा धीर होत नाही. तू त्याला अक्कलशून्य म्हणालास. अरे, तुझा माल खऱ्यासारखा दिसला म्हणून त्याने तो खरा मानला! तुझ्या मालाची याहून मोठी तारीफ कोण करणार?

काल तुझी बायको सफरचंदं घेऊन आली होती. सफरचंदांखाली तुझा निरोप होता. चौकशीत काकांनी सांगायचं, की दुरुस्त करताना टोपण मीच काढलं, वय झालं, लक्षात राहिलं नाही. आणि मी गप्प बसायचं. स्वतः यायला तुला तोंड नव्हतं. लोकांना भीती घातल्याचा गुन्हा मग काकांच्या माथी बसेल, हे तुझ्या वकिलाने तुला सांगितलं असेलच. आणि काका तयार झाले, ठोंब्या! मला म्हणाले, पोराचा कारखाना बंद पडेल गं, सांगतो मी तसं. मला त्यांचा राग आला, आणि मग रडूही आलं. तुझ्यासाठी मात्र डोळ्यांतून टिपूस निघालं नाही.

म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे. आज सकाळी चौकशीचे साहेब दुकानात आले होते. त्या दुपारचं सगळं मी सांगितलं, काल काका नको नको म्हणाले होते तरीही. साहेबांनी टोपण मागितलं, मी दांडी दाखवली. त्यांनी ओढलं, पिळलं, पकडीने खेचलं, तरी निघेना. निघेल कसं? तू गेल्यावर लगेच मी ते गोंद लावून पक्कं केलं होतं, गिऱ्हाइकाचा कपडा अडकून फाटू नये म्हणून. शेवटी त्यांनी दांडीच कापून नेली.

तुझीच, नाइलाजाने,
ताई