आवक भरपूर, जावक निरंक

१२ जानेवारी, सकाळी ७
सिंचाई विभागातून रिटायर होऊन बारा दिवस झाले. आराम बस झाला. काल गोंदियाहून सेकंडहँड कंटेनर आला. हिरवा रंग मारला, वर लिहिलं : धम्मपाल मलबा सेवा. ट्रॅक्टरले जोडून न्यायचा. लोकं त्याले ट्रॉली म्हणतात. म्हणोत.

बालाघाटात जिकडं पाहा तिकडं कवेलूची, कौलारू घरं पाडून स्लॅब टाकणं सुरू हाय. मलबा जाते नाल्यात. माझा नियम वेगळा : कंटेनरमधली एक वस्तू नगरपालिकेच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे कचरा डेपोत, जाणार नाही. प्रत्येक वस्तूले नवा मालक.

ललितानं विचारलं, मालक भेटेपर्यंत ठेवाल कुठं? बायकोले व्हिजन कमी. म्हटलं, आंगण हाय ना.

१९ जानेवारी
आमच्या पोरीचं, श्रुतिकाचं लग्न पक्कं झालं. पोरगा राहुल, कटंगीचा, सज्जन हाय. लग्न १८ मे. पोरगी म्हणाली, बाबा, लॉन-बिन नको, आपल्याच आंगणात मांडव टाका, मी इथंच चालाले शिकली. शब्द दिला. चार महिन्यात आंगण सात वेळा रिकामं होईल.

२६ जानेवारी
पहिलं काम. गल्लीतल्या पवनचं जुनं घर. माल आला : कवेलू तीनेकशे, दरवाजे दोन, बिनकाचेची खिडकी, लोखंडी गज चार, इंग्लिश कमोड एक. ऑफिसच्या पद्धतीनं रजिस्टर केलं. आवक क्र. १ ते ९. जावक : निरंक. वर्गीकरण : लाकूड, लोखंड, माती, विचाराधीन. कमोड विचाराधीन.

३ फेब्रुवारी
चैतराम कबाडी आला. म्हणे फक्त लोखंड नेतो. मी म्हटलं, नेशील तं सगळं ने, नाहीतर हात लावू नको. तो म्हणाला, काका, कमोड काय डोक्यावर घेऊ? अशा लोकांमुळंच देश मागं हाय.

१९ फेब्रुवारी
नाव पसरून राह्यलं. लोकं आता न बोलावता फाटकासमोर सामान आणून टाकतात. आज एक सोफा आला, त्याच्या पोटातलं सगळं बाहेर. ललिता म्हणते हा कचरा हाय. मी म्हणतो हा जनतेचा विश्वास हाय. विचाराधीन वर्गाले जागा कमी पडून राह्यली, तुळयांचा ढीग न्हाणीकडं सरकवला.

८ मार्च, दुपार
कपडे वाळू घालाची दोरी दिसत नाही. कवेलूच्या मागं असंल. ललिता शेजारच्या दुर्गाबाईच्या छतावर कपडे टाकते. आज ढिगातून विंचू निघाला. तिनं इतका कल्ला केला की गल्ली जमा झाली. मी समजावलं की हे बायोडायव्हर्सिटीचं लक्षण हाय. ती म्हणाली, त्याचंबी नाव टाका आवकमध्ये.

विचार केला. टाकलं नाही.

२३ मार्च
जुन्या वस्तूंची भव्य प्रदर्शनी ठेवली. सकाळी ९ ते ६. एक माणूस आला, रामपायलीकडचा. कमोडपाशी बराच वेळ उभा राह्यला, उलटसुलट करून पाह्यला. मी चहा सांगितला. मग तो म्हणाला, अस्साच माह्या गाडीत एक हाय, ठेवून देऊ का?

आता दोन झाले. जोडी म्हणून विकता येते.

१४ एप्रिल
सकाळी जयंतीच्या रॅलीत गेलतो. परत आलो तं मांडवासाठी मीच बोलावलेला धर्मेंद्र टेंटवाला फाटकाशी उभा. आत पाय ठेवाले जागा नव्हती म्हणून तिथूनच पाह्यलं, डोकं खाजवलं अन् गेला. श्रुतिका बाजूलेच होती. मी तिले म्हटलं, ५ मेपर्यंत साफ, लिहून घे. ती म्हणाली, हौ बाबा. बापावर इतका विश्वास आजकाल कोणत्या पोरीचा असते?

५ मे
ऊन त्रेचाळीस. अशा उन्हात ग्राहक कसा निघंल? मुदत आठ दिवस वाढवली. नियमानुसार माल नष्ट कराले सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. सक्षम अधिकारी मीच. प्रकरण विचाराधीन.

१३ मे
श्रुतिका पाण्याची बादली घेऊन येऊन राह्यली होती. ढिगातल्या चौकटीत पाय अडकला, पडली. नखापाशी रक्त. मी धावलो. तिनं ओढणी फाडून बांधली अन् म्हणाली, काही नाही झालं बाबा, तुम्ही तुमचं लिहा.

कंटेनरवर जाऊन बसलो. पाच दिवसावर लग्न, अन् पोरगी स्वतःच्या आंगणात लंगडून राह्यली. लाज वाटली. लिहून ठेवतो, कोणाले वाचाचं नाही : लई लाज वाटली.

१४ मे
ट्रॅक्टरवाल्या डोमाजीले बोलावलं. पाच खेपा. सगळं ट्रेंचिंग ग्राउंडवर. तिथल्या चौकीदारानं कंटेनरवरचं नाव मोठ्यानं वाचलं, मग माह्याकडं पाह्यलं. मी टोपी खाली ओढली. पवनच्या दरवाजावर कोण्या लेकराची उंची पेन्सिलनं मांडलेली होती, सहा-सात रेघा. तो टाकताना डोळ्यात पाणी आलं. डोमाजीले म्हटलं, धूळ गेली.

जावक रजिस्टरची पहिली नोंद : सर्व.

मायलेकी खरेदीले गेल्या होत्या. मी एकट्यानं झाडलं, सडा टाकला. दोरी सापडली. मांडवाचे खांब कुठं येतील तिथं चुन्यानं खुणा केल्या. सोळा खांब आरामात बसतात. दोघी आल्या अन् फाटकातच थांबल्या. ललिताचा हात तोंडावर गेला. आनंदच इतका झाला तिले.

१५ मे, सकाळी ८
रामपायलीहून आनंदीअक्काचा फोन. म्हणे, धम्मपाल, भवनाच्या कोणत्या गेटनं यायचं, पुढच्या का मागच्या? मी म्हटलं, कोणतं भवन? लग्न आंगणात हाय. अक्का म्हणाली, बावा, कार्डावर तं समाज भवन लिहिलं हाय, वाचून दाखवू का? तिनं वाचून दाखवलं.

ललिताले विचारलं. भवन फेब्रुवारीतच बुक केलं म्हणे, सोफा आला त्याच दिवशी. मले काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, पोरीनंच शपथ घातली. म्हणाली, बाबाले सांगू नको, त्याइले वाईट वाटंल, त्याइचं त्याइले करू दे.

कार्डं कुठं होती मग? टेबलावर, म्हणे. दीड महिना. मीच रोज त्याच्यावर आवक रजिस्टर ठेवत होतो.

सकाळी ९
श्रुतिका चहा घेऊन आंगणात आली. चुन्याच्या खुणांमधून हळूहळू फिरली, पाय जपत. मी विचारलं, भवन कॅन्सल होते का? ती म्हणाली, नाही होत बाबा, चारशे कार्डं वाटून झाली. मग माह्या बाजूले बसून रडली. मीबी रडलो.

ती गेल्यावर कार्ड पाह्यलं. छपाई चांगली हाय. सगळ्यांनी समाज भवनातच यावं, अशी आग्रहाची विनंती केली हाय. खाली विनीत म्हणून एकच नाव हाय, माझं.