नीलमच्या हळदीकुंकवाला मी येणार नाही

मीरा रोड (पूर्व)
१९ जानेवारी २०२५

चि. शिवांगी,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. तिळाच्या वड्या कुरिअरने पाठवल्या आहेत. यंदा पाक जरा पुढे गेला, तेव्हा जपून चाव.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू "आई, एक मिनिट, दुसरा कॉल येतोय" म्हणतेस आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं.

तुझ्या पुरस्काराचा इथे बराच गाजावाजा चालू आहे. गेटवर फ्लेक्स लागलाय. त्यात तू पोस्टाच्या तिकिटाएवढी आणि आपल्या महिला मंडळाची नीलम तुझ्या चौपट. सेक्रेटरींनी मला लिफ्टपाशी थांबवून "आम्हाला अभिमान आहे" म्हणून सांगितलं. मी विचारलं, कुठली कविता आवडली? म्हणाले, "सगळीच छान. तिच्या वाचनाचा व्हिडिओ तर फारच छान." पुस्तक उघडलेला माणूस मला अजून या बिल्डिंगमध्ये भेटलेला नाही.

मंगळवारी नीलम घरी आली. तुझे बाबा गेल्यापासून ही बाई दर संक्रांतीला मजल्यावरच्या सगळ्या दारांत हळदीकुंकवाचं ताट घेऊन जाते. आपल्या दारापाशी आली की ताट डाव्या हातात मागे धरते, उजव्या हाताने तिळगूळ पुढे करते, "गोड बोला हं, आशाताई" म्हणते आणि पळते. यंदा आत आली, बसली, चहासुद्धा प्यायली.

"आशाताई, शिवांगीच्या कवितेने आमचे डोळेच उघडले हो. यंदा हळदीकुंकवाची थीम तीच ठेवलीय."

"कुठली?"

"विधवा."

"आणि गेल्या वर्षी काय होती?"

"मिलेट्स," ती म्हणाली. अगदी गंभीरपणे.

म्हणजे नाचणीनंतर माझा नंबर लागला. कार्यक्रम असा ठरलाय म्हणे: दोन फेब्रुवारीला हॉलमध्ये तू कविता म्हणायची, शेवटची ओळ झाली की मी पडद्यामागून यायचं, नीलम मला कुंकू लावणार आणि मग तू मला मिठी मारायची. "ऑफ-व्हाइट नेसा, त्यावर लाल उठून दिसतं. आणि रडू आलं तर अडवू नका हं." मी म्हटलं, मला नको कुंकू. ती हसली. "अहो, शिवांगीने तुमच्या वतीने हो म्हटलंय केव्हाच."

नीलम मूर्ख आहे, तिचं मला काही वाटत नाही. पण तू हो म्हटलंस.

मी येणार नाही. विधवा बायकांना ज्यांना कुंकू लावायचंय त्यांनी जरूर लावावं, त्यांच्या आड मी कशाला येऊ? मला ते नीलमच्या बोटाने नकोय, एवढंच.

तुझं पुस्तक मी विकत घेतलं. तू पाठवणार होतीस, कामात राहून गेलं असेल. माझी शाळा आठवीत सुटली, पण वाचनालयाची कपाटं मी एकटीने चाळून काढली आहेत, तेव्हा पुस्तक कसं वाचायचं ते मला कळतं. बाबा भाजीवाल्याशी हिंदीत कोथिंबिरीवरून भांडतात ती कविता मी तीनदा वाचली. मध्ये उठून गॅस बंद केला आणि परत वाचली. त्यात ते जसेच्या तसे आहेत. त्या कवितेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

सगळ्यांना हवी आहे ती दुसरी, 'कोरं कपाळ'. तीत आत्या आईचं डोकं धरून अंगठ्याने कुंकू पुसते, आई किंचाळते आणि दाराआडून मुलगी बघते. परीक्षकांनी लिहिलंय 'दाहक'. दाहक! मी कधी किंचाळले, गं? आणि मी कुंकू लावतच नव्हते, टिकली लावायचे. टिकली कवितेत शोभत नसावी.

हेही मी सोडून दिलं असतं. पुरस्कारवाल्यांना रडणारी बाई लागते, तू पुरवलीस. पण तुझ्या बाबांना बहीण एकच. इंदूवन्संच्या नातसुनेने भाईंदरला त्यांना त्या कवितेचा व्हिडिओ दाखवला. तेव्हापासून वन्सं जेवायला नीट बसत नाहीत. मी गेले तर माझा हात धरून म्हणाल्या, "आशा, मी असं केलं का गं? मला आठवत नाही. केलं असेन. दुःखात माणूस काय करतं, भान नसतं. मला माफ कर."

ज्या बाईने तेरा दिवस मला भरवलं, ती माझी माफी मागते आहे.

मी परोपरीने सांगितलं, वन्सं, तुम्ही असं काही केलं नाही. त्या म्हणतात, "पण छापलंय ना तिने. ती तिथेच होती."

तू तिथे नव्हतीस. तू आत झोपली होतीस. काय झालं ते मी कधी बोलले नाही आणि तूही विचारलं नाहीस, म्हणून आता लिहिते.

तेराव्यानंतरची सकाळ होती. मी अंघोळ करून रोजच्यासारखी टिकली लावली आणि बाबांच्या ऑफिसच्या वेळेला दाराशी येऊन उभी राहिले. सवयीने. बूट घालून झाले की ते माझ्याकडे बघायचे, "वाकडी आहे" म्हणायचे आणि बोटाने ती सरळ करायचे. पुष्कळदा ती सरळच असायची. मी बराच वेळ उभी होते. मग नखाने काढली. वन्सं मागेच होत्या. म्हणाल्या, "राहू दे गं, आशा. कोण बघतंय?"

मी म्हटलं, "तेच तर, वन्सं."

एवढंच झालं. यात दाहक काही नाही. याची कविता करू नकोस.

दोन तारखेला मी भाईंदरला वन्संकडे असेन. तुला हॉलवर जायचं असेल तर जा, मी अडवत नाही. आधी ये नाहीतर नंतर ये, पण वन्संच्या समोर बसून एक वाक्य बोल: "आत्या, ते मी रचलं." माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, कारण माझं छापून आलेलं नाही. तुझ्यावर बसेल. तिथे टाळ्या पडणार नाहीत.

तोवर पुरस्काराची शाबासकी माझ्याकडे मागू नकोस. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते आहेतच.

तुझी
आई