डाव्या बोल्टची बंदूक

साराबुलाक, १२ सप्टेंबर २००३

चि. अनारकान हिस, दादाचे अ. उ. आ.

आम्ही सगळे खुशाल. बटाटे काढून झाले, घोड्या डोंगरावरून खाली आल्या, आणि तुझी वहिनी नेहमीसारखी डाव्या हाताने कणीक मळते नि उजव्या हाताने मला कामं दाखवते.

आता मुद्द्याचं. माझी बंदूक बिघडली आहे. नेम धरावा एकीकडे, तर गोळी जाते भलतीकडे. दोनदा लांडगा ऐंशी पावलांवर आला आणि दोनदा माझ्याकडे बघून सावकाश निघून गेला. परवा त्याने शेजारच्या बेइशेनचं शिंगरू खाल्लं. गावची म्हातारी मंडळी जमली आणि म्हणाली की पहिल्या बर्फानंतरही लांडगा पडला नाही, तर खिंडीपलीकडचा शिकारी बोलवू. एकतीस वर्षं गावाची राखण मी केली, आणि हे त्यांनी माझ्याच घरी, माझाच चहा पीत सांगितलं. फार लागलं गं मला ते.

तू बावीस वर्षं बंदुकांच्या दुकानात सुट्या भागांच्या काउंटरवर बसतेस. कुठल्या कंपनीची बंदूक टिकते, कुठली परवडते, आणि सुटे भाग कोणाचे पटकन मिळतात ते कळव. भागांचं नीट बघ. खिंड बंद झाली की बोटभर स्प्रिंगसाठी एप्रिलपर्यंत हात चोळत बसावं लागतं. दोन मेंढे विकायला काढलेत. पत्र मिनीबसवाल्या झाकिपकडे दे.

लोभ आहेच. तो आणि जर्दाळूचा मुरंबा, दोन्ही पाठवत राहा.

तुझा,
तुर्दाकुनदादा

*

बिश्केक, २१ सप्टेंबर

ती. दादास, धाकट्या अनारकानचा सा. न. वि. वि.

मुरंबा झाकिपजवळ दिलाय. पोहोचेपर्यंत अर्धी बरणी रिकामी झाली तर त्याला विचार, मला नको.

तीन कंपन्या सांगते. रशियाची व्यात्सक ओबडधोबड. बोल्ट ओढला की दार करकरल्यासारखा आवाज येतो. पण कडाक्याच्या थंडीतही उडते, सर्वांत स्वस्त, आणि तिचे भाग माझ्याकडे तीन खण भरून आहेत. चेक लोकांची ह्रादेक सुबक, नेमाला पक्की, किंमत दुप्पट. भाग अल्माटीहून तीन आठवड्यांनी येतात. जर्मन लिंडाउअर म्हणजे दागिनाच, पण तेवढ्यात जुनी मोटार येईल. भाग मागवले तर तीन महिने. मी सगळ्यांना एकच सांगते, ज्याचे भाग मिळत नाहीत ती बंदूक घेऊच नका. तू व्यात्सक घे.

पण आधी एक कळव. गोळी दरवेळी एकाच बाजूला जाते का? तसं असेल तर बंदुकीचा दोष, दहा मिनिटांत नीट होईल. दरवेळी वेगळीकडे जात असेल तर गोष्ट निराळी.

म्हाताऱ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. माया आहे तशीच ठेव, आणि चिडलास तरी माझ्यावरच चीड.

तुझी,
अनारकान

*

साराबुलाक, २९ सप्टेंबर

चि. अनारकान हिस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या दादांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा वाचून चुलीत घाल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर ते देणार नाहीत. मी देते. ते कुरणावर गेले तेव्हा मी ती बंदूक गोठ्यामागे नेली आणि कुंपणावर बादली ठेवून एक गोळी झाडली. बादलीला मधोमध भोक पडलं. बंदूक धडधाकट आहे गं. त्यांच्या उजव्या डोळ्यावर दूध सांडल्यासारखा मोतीबिंदू पसरलाय. चहासुद्धा कपाच्या शेजारी ओततात आणि कपाला शिव्या देतात.

नवी आणली तर गाव बघायला येणार, कोरुमदुक म्हणून नव्या वस्तूची भेट हातात घेऊन, आणि मग सगळ्यांदेखत नेम धरून दाखवा म्हणणार. तिथे चुकले तर हे उभे कोसळतील. मला त्यांची काळजी वाटते. काहीतरी कर. बादली मी चुलीमागे लपवली आहे.

तुझीच,
सैरागुलवहिनी

*

बिश्केक, ८ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

व्यात्सक राहू दे, माझी चूक झाली. आमच्याकडे एक लिंडाउअर दोन वर्षं कपाटात पडून आहे. एका डावऱ्या गिऱ्हाइकाने मागवली आणि न्यायला आलाच नाही. बोल्ट डावीकडे, दस्ता डाव्या खांद्याचा, म्हणून कोणी हात लावत नाही. मालक इतका वैतागलाय की व्यात्सकच्या भावात देतो म्हणाला. असा सौदा परत मिळायचा नाही. डाव्या डोळ्याने नेम धरायची सवय आठवड्यात होते. झाकिपबरोबर तुझा परवान्याचा कागद पाठव, बाकीचं मी बघते.

भाग देशात कुठे नाहीत, हे खरं. म्हणून जादा स्प्रिंगा नि पिना मी सोबत बांधून देते. कोरुमदुक घेऊन येणाऱ्यांना सांग की स्वस्तात पडली. स्वस्ताईवर कोणी शंका घेत नाही.

आहे ती माया कमी करू नकोस.

तुझी,
अनारकान

*

साराबुलाक, २३ नोव्हेंबर

चि. अनारकान हिस अ. उ. आ.

बंदूक मिळाली. आधी मला राग आला होता, तो सांगून टाकतो. जी बाई बावीस वर्षं सुट्या भागांच्या नावाने कंठशोष करते, ती भावाला बिनभागांची बंदूक विकते? तेव्हाच समजलो की तुला बंदुकीची नाही, माझ्या डोळ्याची खबर लागली आहे. लहानपणीही तुला धड खोटं बोलता यायचं नाही.

सगळा गाव आला. जो तो उजव्या हाताने बोल्ट शोधायचा आणि गोंधळायचा. पहिल्या किटलीपर्यंत मी स्वस्त पडली म्हणून सांगितलं. तिसऱ्या किटलीला कंटाळलो आणि बोलून मोकळा झालो, की उजवा डोळा दोन वर्षांपासून गेल्यात जमा आहे. कोणी हसलं नाही. बेइशेन म्हणाला की वसंतात मी त्याच्या गाईला अदबीने सलाम केला, तेव्हाच त्याला कळलं होतं. मग मात्र सगळे हसले, मीही.

खिंडीपलीकडचा शिकारी बोलवायची वेळ आली नाही. पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी लांडगा आला. पहिली गोळी चुकली, दुसरी लागली. बेइशेनने माझा हात धरून ठेवला. अनारकान, मला रडू आलं.

आता तुझ्या जोगं काम. डोळ्यातला भाग बदलून मिळतो म्हणतात. शहरातले तीन डॉक्टर बघ. हात कोणाचा चांगला, घेतो किती, आणि भाग त्याच्याकडे असतो की तीन महिने थांबावं लागतं, सगळं लिहून पाठव. खिंड उघडली की मी येतो.

माझा लोभ तुला ठाऊक आहे, तो लिहायला कागद पुरायचा नाही.

तुझा,
तुर्दाकुनदादा

ता. क. डोळा बरा झाला की ही बंदूक तुझ्या डावऱ्या वहिनीची. बादली मला सापडली.