उन्हाची निर्दोष सुटका

अगं,

दुपारी नातीला शाळेतून आणायला तू रिक्षाने जा. मी गाडी घेऊन येणार नाही.

डोळ्यांवर तिरीप येते म्हणून मी गाडीच्या खिडक्यांना जाळ्या लावल्या, काचा आतून-बाहेरून घासल्या, काळा चष्माही घेतला. वळण आलं की तू तुझ्या बाजूच्या खिडकीला पेपर धरायचीस आणि तो जरा खाली आला की मी तुझ्यावर खेकसायचो.

आज सकाळी एकटाच निघालो. आभाळ गच्च भरलेलं, ऊन औषधालाही नव्हतं. तरी समोर सगळं पांढरंफटक! कोपऱ्यावरचा टपालवाला मला दिसलाच नाही. बिचारा उडी मारून वाचला आणि वर मलाच विचारतो, "काका, तुम्हाला लागलं नाही ना?"

म्हणजे इतके दिवस उन्हाला आणि तुला उगाचच बोल लावला. तिरीप माझ्या डोळ्यांतच आहे. डॉक्टरांकडे चालत जातोय. पेपर घरीच राहू दे, बहुतेक वाचून दाखवावा लागेल.

गाडीची किल्ली तुझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. ती तिथून काढून दुसरीकडे लपव. मी कितीही गोड बोललो तरी जागा सांगू नकोस. मी फार गोड बोलेन.

तुझा,
माजी ड्रायव्हर